जाडी, फिरती आणि बारकी

अजूनही मला फोन येतात. कुणाच्या माळ्यावर आजोबांचा घरगुती प्रोजेक्टर सापडलेला असतो, सोबत आठ मिलिमीटरची चार-दोन रिळं असतात, आणि पलीकडून विचारणा होते, "बाई, याला कुठली लेन्स घ्यावी? जास्तीत जास्त उजेड पाडणारी सांगा." मी म्हणते, उजेडच हवा असेल तर ओट्यावर ट्यूबलाइट लावा आणि बसा बघत. काहींना राग येतो. येऊ दे बापडा. साठी उलटून गेल्यावरही लोकांच्या रागाला भ्यायचं असेल तर मग म्हातारं होण्यात फायदा तो काय? शाळेच्या प्रयोगशाळेत मी जन्म काढला, भिंगं पुसत आणि पोरांना ओरडत, पण लेन्सचं जे काही मला कळतं ते शाळेत शिकलेलं नाही. ते मी आमच्या घरच्या कापसाच्या खोलीत शिकले, सोळाव्या वर्षी, दार लावून, शिंकत.

शिंकत अशासाठी की, कापसाच्या खोलीला लागूनच मिरचीची खोली होती. आमचं गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्याहून बैलगाडीने तासाभराचं. घरात कापूस आणि मिरची दोन्ही यायचं, आणि हिवाळ्यात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना नाकाचं पाणी व्हायचं. घर माझ्या मोठ्या काकांचं. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, मीही आबाच म्हणायची. त्यांची बायको ती माझी मोठी माय, त्यांचा मुलगा सुदामदादा, आणि आम्ही दोघी, माय आणि मी. मी दुसरीत असताना वडिलांना शेतात पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि दवाखाना गाठेपर्यंत ते संपले. तेव्हापासून माय त्या घरात होती आणि नव्हतीही. आमचा छळ झाला असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? ताटात कधी कमी पडलं नाही, दिवाळीला मला नवा फ्रॉक असायचाच. पण घरात काही शुभ असलं की मायने आत जायचं. कुणाला सांगावं लागत नसे. हळदीच्या वाट्या बाहेर आल्या की माय आपली आपण स्वयंपाकघरात निघून जायची, आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. थप थप थप. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, त्यावर तेल आणि मिरचीचा ठेचा. माझ्या मायच्या हातची कळण्याची भाकरी खाल्लेली माणसं अजून जिवंत आहेत, विचारा त्यांना.

सुदामदादाचं लग्न ठरलं तेव्हाही तसंच झालं. खरं तर त्या लग्नात मायचा हक्क घरातल्या कुणाहीपेक्षा कमी नव्हता. सुदामदादा जन्मला तेव्हा मोठी माय दोन महिने विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती. त्याच सुमारास मायचं पहिलं बाळ महिन्याचं होऊन गेलं होतं, आणि तिला दूध होतं. तर सुदामदादा वाढला तो माझ्या मायच्या दुधावर. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीही बोलत नव्हतं. लग्नाआधी आठ दिवस माय चुलीसमोरून उठली नाही. पाचशे माणसांचं जेवण, आचारी होते म्हणा, पण मसाला तिचा, डाळ तिची, खापरावरच्या मांड्यांचं पीठ मळलेलं तिचं. आणि अक्षता पडायच्या वेळी मोठी माय दारात येऊन म्हणाली, "तू आते मझारच ऱ्हाय बरं वं." म्हणजे आतच राहा. माय म्हणाली, "हा जिजी." मी तिथेच उभी होते, मला इतका संताप आला की मी परकर-पोलक्यातच तणतणत मागच्या दाराने नदीवर निघून गेले आणि लग्न पाहिलंच नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते मी लग्न पाहिलं असतं तर झालंच नसतं.

त्या लग्नाला मोठ्या मायचे भाऊ आले होते, नानामामा. हे मूळचे आमच्याच बाजूचे, पण धंद्याला म्हणून सुरतेला गेले, तिथून कुणाच्या तरी ओळखीने आफ्रिकेत, आणि पंचवीस वर्षांनी सुरतेला परत आले ते टकलावर हॅट, गळ्यात कॅमेरा आणि एका काळ्या पेटीत प्रोजेक्टर घेऊन. घोड्यावर बसलेला सुदामदादा, वऱ्हाड, पंगत, सगळं त्यांनी त्या किर्र किर्र वाजणाऱ्या कॅमेऱ्यात भरून घेतलं. रिळं धुवायला मुंबईला जायची होती. नानामामा म्हणाले, परत यायला पाच-सहा महिने लागतील, तोवर ही पेटी इथेच ठेवतो, मला आता डोळ्यांनी फीत ओवता येत नाही, कुणीतरी शिकून घ्या. आधी सुदामदादाने हात लावला. त्याने जुन्या रिळाचा एक वीतभर तुकडा फाडला आणि वर म्हणतो, यंत्रच खराब आहे. नानामामांनी त्याच्या हातातून फीत काढून माझ्या हातात दिली. मी दुसऱ्या झटक्याला ओवली. त्या दिवसापासून ती पेटी माझी.

पेटीत तीन लेन्स होत्या, मखमलीच्या खाचेत बसवलेल्या. नावं नानामामांनी पाडली होती. एक मोठ्या तोंडाची, बोटभर लांब, ती जाडी. एक गळ्याशी कडं असलेली, कडं फिरवलं की चित्र लहानमोठं करणारी, ती फिरती. आणि एक अंगठ्याएवढी, बारीक डोळ्याची, रंग उडालेली, ती बारकी. नानामामा सुट्टीभर आमच्याकडे राहिले आणि त्यांनी मला तिन्हींची पारख शिकवली. पद्धत साधी होती. काळ्या कोऱ्या फितीचा तुकडा घ्यायचा, गोधडी शिवायच्या सुईने त्यावर पाच फुल्या कोरायच्या, एक मधोमध आणि चार कोपऱ्यांत. जमिनीवर चुन्याची रेघ मारायची म्हणजे प्रोजेक्टर दर वेळी त्याच जागी. मग एकेक लेन्स लावायची, मधली फुली स्वच्छ करायची, आणि हात बाजूला घेऊन कोपऱ्यांकडे बघायचं. मी सुरुवातीला मधल्या फुलीकडेच बघत बसायची. नानामामा डोक्यात टपली मारायचे. "बीचमा काय दखस बेटा? बीचमा त कोनबी दखस. कोपरा दख, कोपरा!"

तर जाडीचं असं होतं की भिंत पांढरी फटक. मधली फुली केसासारखी बारीक दिसायची, आणि कोपऱ्यातल्या चारी फुल्या ताकात बुडाल्यासारख्या. फिरतीचा उजेड बरा, कोपरेही बरे, आणि सोय मोठी. यंत्र न हलवता चित्र चादरीएवढं करा नाहीतर सुपाएवढं. बारकी मात्र गरीब. उजेड कमी, चित्र लहान, खोलीत जरा फट राहिली की काही दिसायचं नाही. पण पाचही फुल्या सारख्या. एकीला झुकतं माप नाही. मी तर तिच्या प्रेमातच पडले. आबांना बोलावून तिन्ही दाखवल्या. आबा जाडीवर खूश. "वा! हाई दख, कसं लख्ख दखाय ऱ्हायनं!" मी म्हटलं, आबा, कोपरे बघा, कोपऱ्यातलं सगळं वाहून गेलंय. आबा हसले. "कोपरामा काय ऱ्हास वं? नवरदेव काय कोपरामा उभा ऱ्हास का? तुले काय समजस!" मी म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त समजतं. यावर मोठ्या मायने मला आत पिटाळलं. तोंडाळ हे विशेषण मला तेव्हापासून आहे, आणि मी ते काढून टाकायचा प्रयत्न कधी केला नाही.

गेल्या वर्षी नंदुरबारला माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणजे माझ्या शाळेतला विद्यार्थीच. तो म्हणाला, "बाई, डोळ्यात लेन्स बसवायची आहे, दोन-तीन प्रकार आहेत, मी चांगली बसवतो." मी म्हटलं, थांब. तुझी चांगली कुठली आणि माझी चांगली कुठली ते आधी ठरवू. कडेला कशी दिसते? संध्याकाळी कशी दिसते? दिव्याभोवती वलय येतं का? अर्धा तास मी त्याला उभं ठेवलं, बाहेर पेशंटांची रांग. शेवटी तो हात जोडून म्हणाला, बाई, तुम्ही परीक्षा घेताय का माझी? मी म्हटलं, हो, आणि तू काठावर पास आहेस.

असो. रिळं आली ती दिवाळी उलटल्यावर. पोस्टमनने पुडकं दिलं ते माझ्याच हातात, घरात दुसरं कुणी नव्हतं. सगळे कापूस वेचणीला गेलेले. मी पुडकं घेतलं आणि थेट कापसाच्या खोलीत. छतापर्यंत कापूस, मध्ये एक गल्ली, गल्लीच्या टोकाला चुना दिलेली भिंत. दार लावलं की भर दुपारी अंधार गुडूप. घाईत मी पेटीत वर होती ती जाडीच लावली. वरात बघितली, सुदामदादा घोड्यावर बसताना पडता पडता राहिला ते बघून एकटीच हसले. मग मांडव आला. अंतरपाट, भटजींचं पोट, वहिनीच्या मुंडावळ्या, सगळं लख्ख. आणि उजव्या कडेला मांडवाच्या खांबापाशी एक करडा डाग, हलणारा.

मला वाटलं कापसाची पिंजर अडकली. ते नेहमीचंच होतं. त्या खोलीत हवेत कापूस तरंगायचा, फितीच्या खिडकीत धागा अडकला की भिंतीवर दोरखंडाएवढा दिसायचा, दिव्याच्या धगीने जळका वासही यायचा. मी यंत्र थांबवलं, खिडकी उघडली, फुंकर मारली, परकराच्या टोकाने पुसलं. परत लावलं. डाग तिथेच. परत पुसलं. तिथेच. मग चिडून जाडी काढली आणि बारकी बसवली, चित्र लहान झालं, मंद झालं, मी डोळे बारीक करून भिंतीपाशी गेले.

तो डाग नव्हता. ती माझी माय होती. खांबाला एक हात, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. दुसऱ्या हाताची मूठ. बायकांच्या गर्दीमागे ती टाचा उंचावून उभी होती, आणि मंगलाष्टकाच्या शेवटी सगळ्यांचे हात वर गेले तेव्हा तिचाही गेला. तिने अक्षता टाकल्या. आणि त्या टाकून झाल्यावर तिने सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. नानामामांना ती कॅमेऱ्यात आल्याचं कळलंही नसणार. त्या जुन्या कॅमेऱ्यांना डोळा लावायची खिडकी एकीकडे आणि लेन्स दुसरीकडे, मनात धरलेल्यापेक्षा कडेचं थोडं जास्तच यायचं. मी त्या कापसात बसून रडले. तोंडाळ माणसंही रडतात. मग डोळे पुसले आणि तेवढाच तुकडा सात-आठ वेळा बघितला. म्हणजे माझी माय आत राहिली नव्हती! मी रागावून नदीवर पळाले होते, आणि ही बाहेर आली होती.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती, मी चुलीशी बसले होते. मोठी माय बाहेर. मी सांगितलं, रिळं आली. एक भाकरी झाली, दुसरी झाली. मग तव्याकडे बघत म्हणाली, "मी दिसस का त्यामा?" मी म्हटलं, दिसतेस. चांगली दिसतेस. तिने भाकरी उलटली ती जरा जास्तच जोरात, राख उडाली. वडील गेल्यापासून तिचा फोटो कुणी काढला नव्हता. शाळेच्या दाखल्याला, रेशनच्या कार्डाला, कशालाच तिचा चेहरा लागत नव्हता. तिचा स्वतःचा आरसा होता तो मोठ्या मायच्या खोलीत गेला होता, तिला आता काय करायचा म्हणून. ती विचारत होती ते मला समजलं, आणि मी तिथेच ठरवलं की ही स्वतःला बघणार म्हणजे बघणार.

पण आधी आबांनी बघितलं. घरच्या माणसांसाठी म्हणून मी दुसऱ्या दिवशी रीळ लावलं, मूर्खासारखं बारकीनेच लावलं, आणि माय गोठ्यात होती. आबा, मोठी माय, सुदामदादा. मांडव आला, अक्षता आल्या, आणि आबा खाटेवर उठून बसले. "हाई आठे काय करी ऱ्हायनी व्हती?" मोठ्या मायने कपाळावर हात मारला. वहिनीच्या माहेरची माणसं सारंगखेड्याच्या यात्रेला, घोड्यांच्या बाजाराला येणार होती, आणि येता येता आमच्याकडे जेवून लग्न बघून जाणार होती. माणसं कडक. वहिनीच्या आजीने म्हणे मुलगी देतानाच विचारलं होतं, घरात विधवा बाई आहे ती शुभकार्यात पुढे पुढे तर करत नाही ना? आबांनी शब्द दिला होता, नाही म्हणून. "तेवढा तुकडा कापी टाक," आबा मला म्हणाले. मी म्हटलं, तेवढ्याच तुकड्यात अक्षता आहेत. तो कापला तर सुदामदादाचं लग्नच लागत नाही, अंतरपाटावरून एकदम जेवणाच्या पंगतीत. चालेल?

तिथे सुदामदादाची हुशारी जागी झाली. आयुष्यात एकदाच झाली, ती नेमकी तेव्हा. त्याने पेटीतून फिरती काढली, मला लावायला लावली, आणि कडं फिरवत गेला. चित्र मोठं मोठं होत पडदा म्हणून ताणलेल्या चादरीच्या बाहेर गेलं. नवरानवरी मधोमध, भलीमोठी. उजवी कड चादरीवरून उतरून मागच्या भिंतीवर गेली. "तठे काळं घोंगडं टांगी देऊत," सुदामदादा म्हणाला, "काही दिसाव नही." करून बघितलं. खरंच, घोंगड्याने ते चित्र गिळून टाकलं. माझी माय घोंगड्यात गेली. फीत अख्खी, लग्न अख्खं, फक्त एक बाई नाही. आबांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. मी त्याला नंतर गोठ्यामागे गाठलं आणि म्हटलं, "दादा, लाज वाटू दे थोडी. कुणाचं दूध प्यालास तू?" तो म्हणाला, "अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे. पाहुणे गेले की लाव तुला पाहिजे तसं." मायला मी सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "जाऊ दे बेटा. तुन्हं शिक्षण त्यासना हातमा शे." खरं होतं ते. मला नंदुरबारला कॉलेजात घालायचं की नाही हे आबा ठरवणार होते. त्या रात्री आबांनी मला बोलावून विचारलं, "फिरतीच लावशी ना?" मी म्हटलं, "बरं." माझ्या 'बरं'वर भरवसा ठेवला ही आबांची चूक.

पाहुणे आले. दोन गाड्या भरून आले, वहिनीचे वडील, आई, आजी, काका, त्यांची पोरं. दिवसभर भरिताचा वास, कळण्याच्या पुऱ्या, वर कच्च्या कांद्याची पात. शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजून आणली होती, माय एकटी ती सोलत बसली होती, बोटं काळीठिक्कर. दिवेलागणीला जेवणं उरकली. अंगणात चादर ताणली, तिच्या उजवीकडे घोंगडं. पुढे खाटांवर पुरुष, मागे सतरंजीवर बायका, माय स्वयंपाकघरात चहा टाकत होती. मी यंत्रापाशी. पहिलं रीळ फिरतीने दाखवलं, शहाण्या मुलीसारखं. वरात, बँड, घोडा. सुदामदादा पडता पडता राहिला तिथे सगळे खदखदून हसले, आबासुद्धा. आबांनी वळून माझ्याकडे बघून मान हलवली, शाब्बास म्हणून.

रीळ बदलायला मिनिटभर लागतं. त्या मिनिटात मी फिरती उपसून काढली आणि बारकी आत ढकलली. भीती वाटत होती, उगाच शौर्याच्या गप्पा कशाला मारू. कॉलेज गेलं, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. तरी बटण दाबलं. चित्र चादरीच्या आत आलं, चारी कडांसकट. "उजेड कसा कमी व्हयना वं?" वहिनीचे काका म्हणाले. कुणीतरी म्हणालं, "व्होल्टेज गयं व्हई." आबांना तेवढ्यात काही कळलं नाही. अंतरपाट धरला होता. भटजींचे ओठ हलत होते, यंत्राची खडखड तेवढी ऐकू येत होती. मग हात वर गेले.

मागून वहिनीच्या आजीचा आवाज आला. "ती कोन वं, खांबापान? बिनकुंकूनी?" आबा उठले. "बंद कर!" मी केलं नाही. ते तरातरा माझ्याकडे यायला निघाले ते चादरीसमोरूनच, आणि उजेडाच्या झोतात शिरल्यावर अख्खा मांडव त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आला. पाहुण्यांची पोरं फिदीफिदी हसली. आबांचा पारा आणखी चढला. येऊन त्यांनी सरळ लेन्सवर पंजा ठेवला. चादर काळी झाली. यंत्र चालूच होतं, आंधळं. "कोन शे ती म्हने, त्या इचारी ऱ्हायन्यात," मी मोठ्याने म्हटलं. "तुम्ही सांगतस का मी सांगू?" आबा दातओठ खाऊन म्हणाले, "तोंड बंद ठेव." मी ठेवलं नाही. उभी राहिले आणि बायकांकडे तोंड करून बोलले. "ती मन्ही माय शे. सुदामदादाले तिनी दूध पाजेल शे. तुम्ही आज जे खादं ते तिनीच करेल शे. अक्षता टाकाले तिनी कोनले इचारं नही, नि कसाले इचारी?"

वाटलं होतं निदान सुदामदादा तरी उठेल. तो खाटेवर बसून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. वहिनी मान खाली घालून. आजीने सतरंजीवरून उठायला हात टेकला, म्हणजे आता पाहुणे चालले. रीळ संपलं, फितीचं शेपूट फट् फट् वाजायला लागलं, आणि आबांचा पंजा अजून लेन्सवरच. मला कळेना, आता काय करू. इतकं बोलून मिळवलं काय, तर मायने काहीच बघितलं नव्हतं. ती आत होती.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "आखो एकदाव लाव."

पुन्हा एकदा लाव. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. आबांना तर असा ऐकू गेला की ते दचकले. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने जेठासमोर बोलायचं नसतं. काही हवं असेल तर जाऊबाईला सांगायचं, तिने नवऱ्याला सांगायचं. माय त्या घरात आल्याला बावीस-तेवीस वर्षं झाली होती आणि आबांनी तिचा आवाज तोवर कधी ऐकला नव्हता, वडील गेले तेव्हाचा आक्रोश सोडला तर. ते तिच्याकडे बघत राहिले. हात लेन्सवरून आपोआप खाली आला. पुढे वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत, मीही बोलले नाही. कॉलेजला मी तीन वर्षांनी गेले, ते माझ्या मायच्या भावाने नेलं म्हणून. ती तीन वर्षं मी मिरच्या खुडल्या, आणि एकाही दिवशी मला त्या संध्याकाळचा पस्तावा झाला नाही. आजही नाही.

मी रीळ हाताने उलटं फिरवलं. सगळं अंगण त्या कडंकडं आवाजाकडे कान लावून. पाहुणे उठायचे तर उठलेही नाहीत, कारण काय होतंय ते बघायचं सगळ्यांनाच होतं. माय ओट्यावरून उतरली. वांग्याने काळे झालेले हात तिने पदराला पुसले, बायकांच्या मधून वाट काढली, पुरुषांच्या खाटा ओलांडल्या, आणि चादरीच्या अगदी पुढ्यात, उजव्या अंगाला, जमिनीवर मांडी घालून बसली. मी बटण दाबलं. अंतरपाट आला. मायने मान वर केली, आणि तिच्या डोक्याची सावली भटजींच्या पोटावर पडली. मागे सतरंजीवर कुजबुज झाली. मग वहिनीच्या आजीने खाकरून म्हटलं, "वं बाई, जराशी बाजूले व्हय ना, आमले काही दिसत नही."

माय वळली नाही. चादरीवर हात वर जात होते, त्यात तिचा हात होता.

"व्हत नही मी बाजूले," ती म्हणाली.